नाण्यांचें घर

जमिनींत पुरलेलें नाणें दोन हजार वर्षें टिकूं शकतें, आणि तेंच नाणें विक्रोळींतल्या एखाद्या कपाटांत पांच-सहा पावसाळ्यांत नासूं शकतें. ऐकणारास हें विधान अतिशयोक्तीचें वाटेल. परंतु नाण्यांचा संग्रह करणाऱ्या पुष्कळांस त्याचा अनुभव आलेला आहे. मोठ्या हौसेनें मिळविलेलीं नाणीं तितक्याच हौसेनें विकत आणलेल्या चकचकीत अल्बमांत लावावींत, कांहीं वर्षांनीं अल्बम उघडावा, तों नाण्यांवर हिरवट, चिकट साय धरलेली दिसावी! दोष नाण्याचा नसतो, हौसेचाहि नसतो. नाण्याला दिलेलें घर चुकलेलें असतें. नाणें कशांत ठेवावें हा प्रश्न वरवर पाहतां दुकानांतल्या खरेदीचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. कारण नाणें कोठें, कशांत आणि कोणाच्या शेजारीं ठेवलें जातें, यावरच तें पुढच्या पिढीस काय सांगूं शकेल हें अवलंबून असतें.

महाराष्ट्रांत नाणें जपून ठेवण्याच्या रीति फार जुन्या आहेत. कमरेला बांधावयाचा कसा, चंचीचा आंतला कप्पा, कणगीच्या तळाशीं दडविलेलें गाडगें, भिंतींतला कोनाडा आणि देव्हारा हीं नाण्यांचीं परंपरागत घरें होत. सोन्याचें नाणें तर अंगावरच वागविलें जाई. व्हेनिसहून येणाऱ्या सोन्याच्या नाण्यास मराठींत पुतळी म्हणत, आणि पुतळ्यांची माळ हा पुढें एक दागिनाच होऊन बसला. या सर्व रीतींत नाणें सांभाळलें जाई तें धन म्हणून, इतिहास म्हणून नव्हे. म्हणूनच मोहरेला कडी डागण्यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशीं रुपये चिंचेनें आणि राखेनें घासून लख्ख करण्यांतहि कोणास अपराध वाटला नाहीं. पूजेच्या दृष्टीनें तें योग्यच होतें. परंतु त्या घासण्यानें अक्षरांच्या कडा झिजल्या आणि कडीच्या डागाखालीं टांकसाळीच्या खुणा बुजल्या, हेंहि तितकेंच खरें.

नाणें हें धन नसून साक्षीदार आहे, ही दृष्टि महाराष्ट्रास किती लाभदायक ठरली याचें उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी या गांवीं मिळतें. १९०६ सालीं येथें चांदीच्या नाण्यांचा प्रचंड सांठा सांपडला. त्यांत सुमारें १३,२५० नाणीं होतीं. तीं सर्व मूळचीं क्षहरात वंशांतील क्षत्रप नहपान याचीं. एका बाजूस राजाचा मुखवटा व त्याभोंवतीं ग्रीक लिपींतील अक्षरें, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींतील लेख, असें या नाण्यांचें रूप आहे. परंतु आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्यांपैकीं सुमारें ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी यानें आपले छाप पुन्हां मारलेले होते. नहपानाच्या मुखवट्यावरच तीन कमानींचा पर्वत उठविलेला, आणि मागील बाजूस उज्जयिनी-चिन्ह! रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनीं हीं नाणीं तपासून त्यांचें वर्णन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें.

नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. त्यांत आपल्या पुत्रानें क्षहरातांचा वंश निःशेष केला असें ती सांगते. आईनें लेकाची केलेली ती स्तुति आहे, असें म्हणून एखादा चिकित्सक तिजकडे दुर्लक्ष करूं शकला असता. परंतु जोगलटेंभीच्या हजारों नाण्यांनीं तिच्या शब्दांस पुरावा दिला. जिंकलेल्या राजाचें चलन वितळवीत न बसतां त्यावर आपली मुद्रा उमटवून तेंच पुन्हां बाजारांत सोडलें गेलें, हें त्या नाण्यांवरून स्पष्ट झालें. शिवाय शेंकडा सत्तर नाण्यांवर नवा छाप आणि शेंकडा तीस तशींच, या प्रमाणावरून हा बदल चालूं असतांनाच किंवा तो होऊन फार काळ लोटला नसतांनाच हा सांठा पुरला गेला असावा, असा तर्क करतां येतो. नहपानाचे मुखवटेहि एकमेकांशीं जुळत नव्हते. कोठें नाक सरळ, कोठें बांकदार. कोठें तरुण चेहरा, कोठें वृद्ध. हे मुखवटे एकाच घराण्यांतील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत, अशीहि कल्पना स्कॉट यांनीं मांडली. ती ग्राह्य असो वा नसो, असा प्रश्न विचारतां आला तो हजारों मुखवटे शेजारींशेजारीं ठेवतां आले म्हणून.

आतां अशी कल्पना करावी कीं, हा सांठा प्रथम एखाद्या आजच्या हौशी संग्राहकाच्या हातीं पडला. त्याच्या अल्बमांत नहपानासाठीं दोनच खिडक्या आहेत: एक साध्या नाण्याची, एक छाप मारलेल्या नाण्याची. तो दोन सुबक नाणीं निवडील आणि उरलेलीं १३,२४८ नाणीं "दुबार" म्हणून विकून टाकील. त्याचें पान पूर्ण होईल. परंतु प्रमाण गेलें, मुखवट्यांतील भेद गेला आणि आईच्या शब्दांचा साक्षीदारहि गेला! अल्बम हा निर्जीव पुठ्ठा नव्हे. काय ठेवावें आणि काय टाकावें हें तो संग्राहकास नकळत शिकवीत असतो.

असें होऊं नये म्हणूनच सांपडलेल्या धनाविषयीं १८७८ सालीं कायदा करण्यांत आला. जमिनींत दडलेलें दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास सांपडणाऱ्यानें तें जिल्हाधिकाऱ्यास कळविलें पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. पुढें १९१० सालीं भारतीय नाणेशास्त्राची परिषद स्थापन झाली, १९२२ सालीं मुंबईचें प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांस खुलें झालें. आज छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नांवानें तें ओळखलें जातें. विद्वानांच्या आणि संग्रहालयांच्या पद्धतींत नाण्यांसाठीं अल्बम नसे. उथळ खणांचीं कपाटें असत. प्रत्येक खणांत गोल खांचा, खांचेंत नाणें आणि नाण्याखालीं एक चिठ्ठी. नाणें उचलून दोन्ही बाजू पाहाव्यात, कड न्याहाळावी, वजन करावें, चिठ्ठी वाचावी आणि पुन्हां जागेवर ठेवावें. त्या चिठ्ठीचें महत्त्व नाण्याहून कमी नव्हतें.

१९३९ सालीं वऱ्हाडांत, तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील तऱ्हाळा येथें सातवाहनांच्या पोटीन धातूच्या सुमारें सोळाशें नाण्यांचा सांठा सांपडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं त्याचा अभ्यास केला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे, ज्यांचीं नांवें पुराणांच्या याद्यांत आढळत नाहींत, ते या सांठ्यानें उजेडांत आणले. असल्या नाण्यांवर संपूर्ण लेख एकाच नाण्यावर क्वचितच उमटतो. एकावर नांवाचा आरंभ, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट, अशीं जुळणी करावी लागते. येथेंहि एकट्या सुबक नाण्यानें काम भागलें नसतें.

फोल्डर आणि अल्बम यांचा जन्म मात्र अगदीं निराळ्या परिस्थितींत झाला. १९३० नंतरच्या मंदीच्या काळांत अमेरिकेंत लोकांच्या हातांत पैसा थोडा आणि वेळ पुष्कळ होता. विस्कॉन्सिन राज्यांतील जे. के. पोस्ट या गृहस्थानें १९३४ च्या सुमारास पुठ्ठ्याचा एक फलक काढला. त्यास सेंटच्या आकाराचीं भोकें आणि प्रत्येक भोकाखालीं साल व टांकसाळ छापलेली. खिशांतल्या मोडींतून एकेक नाणें वेंचावें आणि भोंक भरावें, असा तो खेळ. व्हिटमन या प्रकाशनसंस्थेनें तो पुढें हातीं घेतला आणि त्यास घडीच्या पुस्तिकेचें रूप दिलें. तोच आजचा फोल्डर. न्यूयॉर्कचे नाणेव्यापारी वेट रेमंड यांच्या अल्बमांत भोंकाच्या दोन्ही अंगांस पारदर्शक पट्ट्या असत, त्यामुळें पान उलटून नाण्याच्या दोन्ही बाजू पाहतां येत. फोल्डरचें भोंक मागून बंद, अल्बमची खिडकी दोहों बाजूंनीं उघडी, हा या दोहोंतील मुख्य भेद होय.

या साध्या पुठ्ठ्यानें नाणेसंग्रहाचा छंद श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतून काढून शाळकरी मुलाच्या दप्तरांत आणून ठेवला, हें त्याचें श्रेय कोणी नाकारूं नये. आपल्याकडेहि १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धति सुरू झाली. त्या दिवसापासूनचे नवे पैसे, १९६४ नंतरचा नुसता पैसा, दोन-तीन-पांच पैशांचीं निरनिराळ्या आकारांचीं नाणीं, यांसाठीं फोल्डर अगदीं योग्य आहे. सालाखालीं चौकटी तिळासारखी खूण दिसली कीं नाणें मुंबईच्या टांकसाळींतलें, तारा दिसला कीं हैदराबादचें, आणि कांहींच नसेल तर कलकत्त्याचें, हें मुलगा त्या भोंकांच्या रांगेवरूनच शिकतो. यंत्रानें पाडलेलीं, एका मापाचीं, विपुल आणि स्वस्त नाणीं हेंच फोल्डरचें क्षेत्र.

तेंच माप शिवराईस लावलें म्हणजे मात्र घोटाळा होतो. शिवराई हातानें पाडलेली. तिचें वजन आणि आकार एकसारखा नाहीं; ठसा मोठा व पत्रा लहान, म्हणून अक्षरें कडेबाहेर गेलेलीं. छापील भोंकांत ती एक तर घट्ट कोंबावी लागते, नाहीं तर खुळखुळते. शिवाय तिच्या एका बाजूस "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूस "छत्रपति" अशीं अक्षरें आहेत. मागून बंद असलेल्या फोल्डरांत ती ठेवली म्हणजे राजाचें नांव तरी झांकलें जातें, नाहीं तर त्याची पदवी तरी!

नाण्यास तिसरीहि बाजू असते, ती म्हणजे कड. महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, रुपयांतील चांदी अकरा-बारांश होती ती निम्म्यावर आणण्यांत आली आणि खोट्या नाण्यांस आळा बसावा म्हणून त्याच्या कडेवर विशेष नक्षीची खांच घालण्यांत आली. पंचम जॉर्जच्या रुपयाची दांतेरी कड आणि १९४० नंतरच्या सहाव्या जॉर्जच्या रुपयाची ही संरक्षक कड शेजारीं ठेवून पाहिल्यास युद्धाच्या अर्थकारणाचा एक धडाच हातीं येतो. फोल्डर आणि बहुतेक अल्बम हा धडा पुठ्ठ्याच्या आंत बंद करून ठेवतात. म्हणून अशा नाण्यांसाठीं सहज काढतां-घालतां येईल असेंच घर निवडणें शहाणपणाचें.

आतां हवेचा विचार. विक्रोळी घाटकोपर आणि कांजुरमार्ग यांच्या मध्यें वसलेली आहे. तिच्या पूर्वेस ठाण्याची खाडी, खाडीकांठीं खारफुटीचें रान, आणि उत्तरेस कांजुर-भांडुपकडे मिठागरांची जमीन. येथल्या वाऱ्यांत मिठाचा अंश आणि पावसाळ्यांत चार महिने ओल. तांब्याच्या व काशाच्या नाण्यांस मिठांतील क्लोराइड शिवलें आणि त्यास ओलीची साथ मिळाली, म्हणजे नाण्यावर फिक्या हिरव्या रंगाची भुकटी उमटूं लागते. हा नाण्याचा रोगच होय. एकदां जडला कीं तो धातूस आंतून पोखरीत जातो.

या हवेंत अल्बमाची चूक दुप्पट महाग पडते. बाजारांत मिळणारीं पुष्कळ मऊ, पारदर्शक पानें पीव्हीसी नांवाच्या प्लॅस्टिकचीं असतात. हें प्लॅस्टिक मूळचें कडक; तें मऊ व्हावें म्हणून त्यांत तेलकट द्रव्यें मिसळतात. कालांतरानें तीं द्रव्यें बाहेर झिरपतात, आणि उष्णतेनें त्या प्लॅस्टिकमधून हायड्रोक्लोरिक आम्लहि सुटूं लागतें. नाण्यांतील तांब्याशीं त्याचा संयोग झाला कीं आरंभीं सांगितलेली हिरवी साय तयार होते. चांदीचा रुपयाहि यांतून सुटत नाहीं, कारण त्यांतहि तांबें मिसळलेलें असतें. नव्या रेनकोटासारखा उग्र वास येणारें पान दुकानांतच परत करावें. शंका राहिल्यास एक सोपी परीक्षा आहे. तांब्याची तार तापवून त्या पानाच्या तुकड्यास लावावी आणि पुन्हां ज्योतींत धरावी. ज्योत हिरवी झाली तर तें पान नाण्यांच्या कामाचें नाहीं. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन यांचीं पानें व पाकिटें निरुपद्रवी असतात.

रबराच्या पट्ट्या, हलका पुठ्ठा आणि लोकर यांतून गंधकयुक्त वायु निघतात व चांदी काळी पडते. म्हणून नाण्यांच्या शेजारीं हिवाळी कपडे ठेवूं नयेत. लाकडाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ओकसारख्या कांहीं लांकडांतून आम्लाची वाफ वर्षानुवर्षें निघत राहते, आणि तिची सर्वांत मोठी शिकार म्हणजे शिसें. शिशाचें नाणें अशा पेटींत पांढऱ्या भुकटीचें होऊन जातें. सातवाहनांनीं शिशाचीं नाणीं विपुल पाडलीं, म्हणून इतर देशांतील संग्राहकापेक्षां महाराष्ट्रांतील संग्राहकास हें भय विशेष आहे. दख्खनच्या मातींत जें शिसें टिकलें, तें दिखाऊ लांकडी पेटींत नष्ट व्हावें, यापरतें दुर्दैव कोणतें?

या बाबतींत विक्रोळीच्याच एका उद्योगाचें सहाय्य घरोघर उपलब्ध आहे, याची जाणीव फार थोड्यांस असते. १८९७ सालीं कुलुपांपासून आरंभ केलेल्या गोदरेज संस्थेनें १९२३ सालीं पोलादी कपाटें करण्यास सुरुवात केली, आणि पुढें खाडीकांठच्या विक्रोळींत तिची कारखान्यांची वसाहत उभी राहिली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठीं १९५१ सालीं लक्षावधि पोलादी मतपेट्या येथेंच तयार झाल्या. मराठी घरांत लोखंडी कपाट आलें तें चोराच्या आणि वाळवीच्या भयानें. परंतु भट्टींत रंग पक्का केलेल्या पोलादांतून आम्लाची वाफ निघत नाहीं, हा त्याचा गुण नाण्यांस सर्वांत उपकारक आहे. तथापि कपाट न्हाणीघराच्या किंवा पावसाळ्यांत पाझरणाऱ्या भिंतीस लावून ठेवूं नये. आंत सिलिका जेलची पुडी ठेवावी. तिचे निळे खडे ओल शोषून गुलाबी झाले कीं तापवून पुन्हां वापरावेत.

मग निवड कशी करावी? ज्या नाण्यांचें माप एक आणि मोल अल्प, त्यांस फोल्डर. ज्यांच्या दोन्ही बाजू पाहावयाच्या, त्यांस पॉलिएस्टरची खिडकी असलेलीं दोन इंची चौकोनी पुठ्ठ्याचीं पाकिटें आणि तीं राहतील अशीं पॉलिप्रॉपिलीनचीं पानें. स्टेपलरची टांचणी चपटी करून घ्यावी, नाहीं तर शेजारचें नाणें ओरखडलें जातें. शिवराईस आणि सातवाहन नाण्यांस त्यांच्या मापाचीं सुटीं पाकिटें. एका ठिकाणचीं नाणीं एका ठिकाणींच. पान शोभिवंत दिसावें म्हणून त्यांची फांकाफांक करूं नये. नाणें कडेनें धरावें आणि चिंचेपासून दूर ठेवावें. आणि प्रत्येक नाण्यासोबत चिठ्ठी: धातु, वजन, व्यास, कोठें मिळालें, कधीं मिळालें, कोणाबरोबर मिळालें.

हें सर्व पारखून पाहावयाचें असल्यास साधनेंहि दूर नाहींत. विक्रोळीहून लोकल गाडीनें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस गांठलें कीं तेथून जवळच फोर्ट भागांत रिझर्व्ह बँकेनें २००४ सालीं उघडलेलें नाणेसंग्रहालय आहे. आणि जोगलटेंभीच्याच नाशिक जिल्ह्यांत, अंजनेरीच्या पायथ्याशीं, डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या प्रयत्नानें १९८० सालीं नाणेशास्त्राच्या संशोधनाची एक संस्था उभी राहिली.

जोगलटेंभीच्या सांठ्यास अल्बम नव्हता, फोल्डर नव्हता, चिठ्ठीहि नव्हती. तरी मातीनें एक काम चोख केलें: जीं नाणीं एकत्र आलीं तीं तिनें एकत्र ठेवलीं, आणि त्यांवरील दुसऱ्या राजाचा छाप पुसूं दिला नाहीं. विक्रोळींतल्या कपाटांतील अल्बमानें मातीहून अधिक कांहीं केलें नाहीं तरी चालेल. मातीहून कमी मात्र त्यानें करूं नये.